परसदारी कोण कोण येते?

रोहिणी नक्षत्र लागले की आमच्याकडे पुण्यात एक पक्षी पहाटे चारपासूनच ओरडायला लागतो. 'पेरते व्हा, पेरते व्हा, पेरते व्हा!' आवाज एकेक पायरी वर चढत जातो, टिपेला पोचतो आणि एकदम तुटतो. घटकाभराने पुन्हा खालच्या पट्टीत सुरू. तुम्हाला नाव सांगायला नकोच, तो पावशा. त्याची हाक ऐकली की तुमच्याकडे घरधनी आढ्याची पाभर खाली काढून बघतो, घरातली बाई बियाण्याची गाडगी उन्हात मांडते. इथे पुण्यात त्याचे ऐकून कोण काय पेरणार? रस्त्याच्या या अंगाला सात मजले, त्या अंगाला अकरा. समोरच्या इमारतीतली एक मुलगी मागे मला म्हणाली, "मावशी, तुमच्या झाडावर रात्रभर कोण हो ओरडतं? झोप लागत नाही." मी नाव सांगितले, तो काय म्हणतो तेही सांगितले. दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना ती फाटकाशी थांबली आणि मान वर करून बघत राहिली. "दिसत नाही पण," म्हणाली. दिसणार कसा? शिकऱ्यासारखा राखी रंग आणि पानांच्या गर्दीत दडून बसायची खोड. पावशा ऐकायचा असतो.

हा पावशा ज्या झाडावर बसतो ते आमच्या परसातले आहे. परस म्हणजे तरी केवढे? अर्धा गुंठासुद्धा भरणार नाही. एक लिंबू, एक शेवगा, कढीपत्ता, तगर, जास्वंद, कुंपणाच्या भिंतीतून आपण होऊन उगवलेला आणि आता भिंतीपेक्षा मोठा झालेला उंबर, आणि मोरीच्या पाण्यावर पोसलेले अळू. एवढ्या तुकड्यात वर्षभर कोण कोण येऊन जाते, ते मी तुम्हाला सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, आम्हा खेड्यातल्या माणसांना पुण्याच्या बाईने पाखरे काय शिकवायची! बरोबर आहे. तरी लिहिते, कारण गेल्या दिवाळीत माहेरी गेले आणि परसदारी पाय ठेवला तर पायाखाली सिमेंटचे रंगीत ठोकळे. भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवलेले. अळू गेले, कर्दळ गेली, बोरीचे झुडूप गेले, सरपणाचा ढीग गेला. वहिनीला विचारले तर म्हणाली, "चिखल नको, केर नको, साप नको. पोरं-सोरं खेळतात." तिची तिन्ही कारणे खरी आहेत. पावसाळ्यात तिने तो चिखल किती वर्षे तुडवला आहे ते मी पाहिले आहे. म्हणून तिला मी काही बोलले नाही. पण रात्री त्या परसात किड्याचाही आवाज नव्हता, आणि पुण्याला परतल्यावर मला माझ्या अर्ध्या गुंठ्यात त्याहून जास्त गलबला ऐकू आला.

पुण्याने आपली परसे कशी घालवली, ते तुम्ही एकदा ऐकून ठेवावे. जुन्या पेठांतल्या वाड्यांना पुढे अंगण, मध्ये चौक आणि मागे परस असे. परसात आड, आडाशेजारी धुण्याचा दगड, मोरीच्या पाण्यावर केळी, भिंतीला लागून पारिजातक, पेरू, कण्हेर. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठचे कितीतरी वाडे एका दिवसात गेले. उरलेले पुढच्या साठ वर्षांत एकेक करून गेले. त्यांना पाणी लागले नाही, जागेचा भाव लागला. वाड्याच्या जागी इमारत आली आणि परसाच्या जागी गाड्या उभ्या राहिल्या. ज्यांनी परसे विकली त्यांची नातवंडे आता सुट्टीच्या दिवशी पैसे भरून तुमच्याकडे झाडावर चढायला आणि विहीर बघायला येतात.

याच पुण्यात, ऐन बुधवार पेठेत, एका बाईंनी मात्र आपले परस शेवटपर्यंत सोडले नाही. त्या डॉ. हेमा साने. गरवारे महाविद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले, झाडांवर मराठीत पुस्तके लिहिली, आणि राहिल्या ते झाडांनी वेढलेल्या एका जुन्या छोट्या घरात. त्या घरात त्यांनी विजेची जोडणी कधी घेतलीच नाही. वीज येण्याआधी माणसे राहत होतीच की, असे त्यांचे सरळ उत्तर असे. भोवतालची जागा विकली तर केवढे पैसे येतील, हे सांगणारे त्यांना पुष्कळ भेटले. त्यावर त्यांचे म्हणणे असे की ही जागा कुत्र्याची, मांजरांची, मुंगसाची आणि पाखरांची आहे, मी नुसती राखण करते. २०२५ साली वयाच्या ८५व्या वर्षी त्या गेल्या. बाईंसारखे विजेवाचून राहा, असे मी कोणाला सांगणार नाही. वैशाखात पंखा बंद पडला तर मी स्वतः दहा मिनिटे बसू शकत नाही. पण भर पेठेत मुंगूस नांदू शकते, एवढे त्यांनी दाखवून दिले.

मृग आणि आर्द्रा

आता पावसापासून सुरुवात करू, कारण परसाचे वर्ष पावसापासून सुरू होते. पावशाच्या मागोमाग चातक येतो. डोक्यावर तुरा, वरून काळा, खालून पांढरा, 'पियू पियू' अशी हाक. चातक फक्त पावसाचे थेंब पितो हे कवींचे म्हणणे. खरी गोष्ट त्याहून नवलाची आहे. हा पक्षी नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या सोबतीने आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आपल्याकडे येतो. म्हणजे जो वारा तुमच्या शिवारावर ढग आणतो, त्याच वाऱ्यावर तोही येतो.

चातक आणि पावशा दोघेही घरटे बांधत नाहीत. कोकिळा जशी कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते, तशी ही दोघे सातभाईंच्या घरट्यात घालतात. सातभाईंची अंडी सुंदर निळी असतात, आणि यांचीही तशीच निळी. आषाढ-श्रावणात परसात सातभाईंचा घोळका पालापाचोळा उलथत कलकलाट करत फिरतो, तेव्हा नीट बघा. एखादे पिल्लू बाकीच्यांहून वेगळे दिसेल, आणि सारे चुलते-मामा मिळून त्या परक्याच्या पोराला भरवत असतील. घुसखोर म्हणून त्याच्यावर रागावण्याआधी एक ध्यानात घ्या: केसाळ सुरवंट, ज्यांना हात लावला तर आपल्या अंगाला आग सुटते आणि बहुतेक पाखरे ज्यांच्या वाटेला जात नाहीत, ते ही पावशा-चातक मंडळी आवडीने खातात.

सातभाईंना लागतो तो पाचोळा. झाडाखालचा पाचोळा रोज झाडून जाळायची आपल्याला सवय. अंगण झाडाच, त्याला माझी ना नाही. पण झाडाच्या बुंध्याशी हातभर रुंदीचे कडे तसेच राहू द्या. त्याखाली गांडूळ राहतो, गोगलगाय राहते, बेडूक राहतो. आर्द्राच्या पहिल्या सरीला बेडूक ओरडतात आणि आपण म्हणतो, पाऊस आला. एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जेवणासाठी जहाजे भरभरून जात. शेतातले किडे खाणारा धनी निघून गेला तर फवारणीचा खर्च वाढतो, हे उमगून १९८७ साली ही निर्यात बंद करण्यात आली.

मोरीच्या पाण्याचे तेवढे सांगून टाकते. अळू-कर्दळीच्या ओल्या कोपऱ्यावर सर्वांत जास्त वर्दळ असते. दयाळ तिथे किडे टिपतो, भारद्वाज तांबडे पंख सांभाळत गोगलगाई शोधतो. पाणी साचू मात्र देऊ नका. ते मुरले पाहिजे, नाही तर डास होतील आणि मग वहिनीचे म्हणणे खरे ठरेल.

लिंबावरची विष्ठा

श्रावणात लिंबाच्या नाहीतर कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर तुम्हाला पाखराची विष्ठा पडल्यासारखे दिसेल. काळसर-तपकिरी, वर पांढरा डाग. काडीने हळूच हलवा. विष्ठा चालायला लागली, तर ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. पाखराने आपल्याला खाऊ नये म्हणून तिने हे किळसवाणे सोंग घेतलेले असते. थोडी मोठी झाली की सोंग टाकते आणि पानासारखी हिरवीगार होते. त्या वयात तिला डिवचले तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुबेळके बाहेर काढते, आणि त्याला उग्र वास येतो. पोरांना हे एकदा दाखवा, दिवसभर ती परसातून हलणार नाहीत. त्याच झाडावर नशीब असेल तर राणी पाकोळीची अळी सापडेल. हे मोठे काळे-निळे फुलपाखरू २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झाले. राज्याचे फुलपाखरू ठरवणारे आपलेच राज्य देशात पहिले.

आता ज्यांची लिंबाची रोपवाटिका आहे ते म्हणतील, बाई, ही अळी आमची रोपे बोडकी करते. करते खरीच. हातभर उंचीच्या रोपावर दोन अळ्या असल्या तरी पान शिल्लक राहत नाही. तिथे वेचून काढाव्यात. पण परसातल्या जाणत्या झाडाचे चार-सहा अळ्यांनी काही जात नाही. मी माझ्या लिंबावर गेल्या कित्येक वर्षांत काही मारले नाही. लोणच्यापुरती लिंबे मिळतात आणि शेजारणीला द्यायलाही उरतात.

याच दिवसांत शिंपी पक्षी घरटे शिवतो. अंगठ्याएवढा जीव, शेपटी सदा उभी. एखाद्या झुडपाचे रुंद पान घेऊन चोचीने कडेला भोके पाडतो आणि कापसाच्या, सालीच्या, कोळिष्टकाच्या धाग्याने दोन्ही कडा टाचतो; आत कापूस अंथरला की झाले. शिंजीरही आपल्या लोंबत्या घरट्याला कोळ्याचेच जाळे वापरतो, आणि ते घरटे कधी कधी थेट पडवीतल्या तारेला टांगतो. म्हणून दिवाळीची झाडलोट करताना गोठ्याच्या मागल्या भिंतीवरची कोळिष्टके मी तुमच्या जागी असते तर राहू दिली असती. सासूबाई बोलल्या तर माझे नाव सांगा.

सापाचे काय?

परसाच्या गोष्टी करायच्या आणि सापाचा विषय टाळायचा, हे बरे नाही. शहरातली माणसे 'साप शेतकऱ्याचा मित्र' म्हणून मोकळी होतात. चावतो तो तुमच्या माणसाला. आपल्याकडे माणसे दगावतात ती मुख्यतः चार सापांनी: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. आपल्या देशात मिळणारी प्रतिविषाची लस या चौघांच्याही विषावर चालते. म्हणून दंश झाला तर कापायचे नाही, चोखायचे नाही, करकचून बांधायचे नाही, मांत्रिकाकडे एक घटकाही घालवायची नाही. ज्या हातापायाला चावला तो हलवू न देता, लस असलेल्या दवाखान्यात माणूस पोचवायचा. जवळच्या कोणत्या दवाखान्यात लस असते, हे पावसाळ्याआधीच विचारून ठेवा.

साप परसात झाडांसाठी येत नाही, उंदरांसाठी येतो. आणि उंदीर सांडलेल्या धान्यासाठी. सरपण, कडबा, विटांचा ढीग घराच्या भिंतीला टेकून रचू नका, पाच-सात पावले दूर रचा. रात्री परसात जाताना बॅटरी आणि पायात चप्पल. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, तेव्हा पावसाळ्यात खाली निजू नका. खाट आणि मच्छरदाणी बरी. एवढे केले की धामणीला घाबरण्याचे कारण उरत नाही. ती बिनविषारी, आणि उंदरांवर तिच्याइतके इमानी काम करणारे दुसरे कोणी नाही. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते ही नुसती दंतकथा. सापाला दूध पचत नाही आणि त्याच्या तोंडाला ओढून प्यायची सोयही नाही.

पुण्याचे नीलिमकुमार खैरे १९८० साली बहात्तर विषारी सापांबरोबर एका काचेच्या खोलीत बहात्तर तास राहिले. साप आपण होऊन माणसाच्या अंगावर येत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचे होते. पुढे कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले ते त्यांच्याच खटपटीने. पुण्याला आलात तर मुलांना घेऊन जा, आणि चारही विषारी साप काचेपलीकडे नीट ओळखून घ्या.

थंडीतले पाहुणे

हस्ताचा पाऊस सरला की एके सकाळी अंगणात परीट दिसतो. काही भागांत त्याला धोबी म्हणतात. राखी-पांढरा, शेपटी सारखी वरखाली. हा हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून येतो. आमच्याकडे तो आला की मी स्वेटर उन्हात टाकते. अजून तरी फसले नाही.

भोरड्यांचे तुम्हाला काही सांगायला नको. गुलाबी अंग, काळे डोके, आणि थवा उतरला की ज्वारीच्या ताटावर कणीस रिकामे. सोलापूर-नगरकडची माणसे त्यांच्यासाठी माळ्यावर गोफण घेऊन उभी राहतात. पण हीच पाखरे उन्हाळ्यात मध्य आशियात आपल्या विणीच्या जागी जातात तेव्हा तिकडचे लोक त्यांची वाट बघतात, कारण तिथे ती टोळ खाऊन फडशा पाडतात. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर त्यांना घरटी करता यावीत म्हणून मुद्दाम दगडांच्या राशी रचून ठेवल्या आहेत. पुण्यात त्या दिसतात माघ-फाल्गुनात, सावर, पांगारा आणि पळस फुलला की. फुलांतला रस पिऊन पिऊन त्यांची कपाळे परागाने पिवळी होतात.

थंडीच्या रात्री घुबड बोलते. गव्हाणी घुबड हे नावच बघा: गोठ्यातल्या गव्हाणीपाशी, आढ्यावर, ओसाड वाड्यात राहणारे. बदामासारखे पांढरे तोंड पाहून माणसे घाबरतात, अपशकुन म्हणतात. कोणी दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी त्यांना पकडतात, तो गुन्हा आहे. हे घुबड उंदीर सगळाच्या सगळा गिळते, आणि न पचलेली हाडे नि केस यांची गोळी करून ओकून टाकते. अशी वाळलेली गोळी सापडली तर काडीने उकला. आत उंदराच्या कवट्या मोजता येतील. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात पुण्याच्या इला फाउंडेशनने २०१८ साली चक्क घुबडांचा उत्सव भरवला, शाळेतल्या मुलांनी घुबडांची चित्रे काढली. ज्या गावात घुबडाचे नाव घ्यायला माणसे कचरत, तिथे हे घडले.

घुबड हवे असेल तर उंदराचे विष जपून वापरा. विष खाऊन झिंगलेला उंदीर सर्वांत आधी घुबडाच्या किंवा मांजराच्या तावडीत सापडतो, आणि तेच विष त्यांच्या पोटात जाते. गिधाडांचे काय झाले ते तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. जनावरांना सूज-वेदनेवर देत असलेले डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. गावकुसाबाहेर शेकड्यांनी उतरणारा पक्षी काही वर्षांत दिसेनासा झाला. २००६ साली हे औषध जनावरांसाठी बंद झाले. गोठ्यात डॉक्टर आले की मेलोक्सिकॅम द्या म्हणून सांगा. ते गिधाडांना बाधत नाही.

चिमण्यांचे दुखणे निराळे. त्यांना झाड लागत नाही, भिंतीतले भोक लागते. मातीची भिंत, कौलांची वळचण, देवादिकांच्या तसबिरीची मागची बाजू. सिमेंटच्या घरात भोकच नाही. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी या प्रश्नावर पुष्कळ काम केले. २० मार्चला जगभर चिमणी दिवस पाळतात तो त्यांच्याच संस्थेच्या पुढाकाराने, २०१०पासून. घरी करायचे तर फळकुटांची पेटी, तिला सव्वा इंचाचे भोक, आणि ती वळचणीखाली मांजराचा पाय पोचणार नाही अशी टांगायची. भोक मोठे ठेवलेत तर साळुंकी येऊन बसेल. शेजारी ज्वारीची दोन कणसे लटकवा, पूर्वी दारावर बांधत तशी.

उंबरावरची बाळंतीण

आता माझ्या आवडीचे. एम्प्रेस गार्डनमधले फुलांचे प्रदर्शन पाहायला तुमच्यापैकी काहीजण येऊन गेले असतील. तिथे, प्रभात रस्त्यावर, एरंडवण्यात, जिथे जुनी मोठी झाडे अजून आहेत तिथे, राखी धनेश हा पक्षी राहतो. घारीएवढा, राखी रंगाचा, बाकदार मोठी चोच आणि चोचीवर शिंगासारखा उंचवटा. एवढा रानटी दिसणारा पक्षी भर शहरात राहतो ते उंबर, वड, पिंपळ यांच्या जिवावर. आमच्या उंबराला वर्षातून अनेकदा फळ धरते, आणि धरले की हरियाल, तांबट, बुलबुल, कोकीळ, सगळ्यांची पंगत बसते. उंबराचे फूल कोणाला दिसत नाही म्हणतात, कारण फुले फळाच्या आतच असतात आणि चिलटाएवढी माशी आत शिरून परागाचे काम करते.

चैत्रात धनेशाची जोडी झाडाची ढोली शोधते. मादी आत शिरते आणि नराने आणून दिलेला चिखल व आपली विष्ठा यांनी ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. उरते ती एक उभी फट, चोचीपुरती. आत तिच्या पंखांची पिसेही गळून जातात, म्हणजे मनात आले तरी उडता येणार नाही. अंडी, पिल्ले, सगळे त्या अंधारात. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना खोलीत ठेवतात. ही त्याहून जास्त राहते. नर दिवसभर फेऱ्या घालतो. झाडावर बसतो, इकडेतिकडे बघतो, मग गळ्यातून एकेक उंबर वर काढून फटीतून आत देतो. कधी बिट्टीची फळे आणतो, जी माणसाला आणि जनावराला विष, पण याला पचतात. नर परतला नाही तर आतल्यांचे जेवण बंद. पुन्हा मादीला पिसे फुटेपर्यंत पिल्लेही जाणती होतात, आणि ढोली फोडली जाते.

आमच्या शेजारच्या जुन्या बंगल्यात एक आंबा होता, साठ-सत्तर वर्षांचा तरी असेल. त्याच्या ढोलीत ही जोडी लागोपाठ चार वर्षे येत होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून नराच्या फेऱ्या मोजायची. मग बंगला विकला गेला. विकत घेणाऱ्यांना ढोली लिंपलेली दाखवली, तेव्हा ते पावसाळा संपेपर्यंत थांबले. तेवढा चांगुलपणा त्यांनी दाखवला, हे कबूल केले पाहिजे. झाड तोडायची परवानगी त्यांच्याकडे होती. दसऱ्यानंतर दोन दिवसांत आंबा उतरवला. चैत्रात जोडी आली. आमच्या शेवग्यावर बसली. शेवग्याची फांदी त्यांच्या वजनाने वाकली, तसे दोघे जरा सावरले आणि जिथे आंबा होता त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. असे तीन सकाळी झाले. मग आली नाहीत. फळ धरले की उंबरावर अजून धनेश येतात. तेच की दुसरे, ते मला ओळखता येत नाही.

जून झालेले, पोकळ झालेले झाड आपण 'निरुपयोगी' म्हणून सरपणात काढतो. बांधावर असे एखादे झाड असेल, घरावर पडायची भीती नसेल, तर ते उभे राहू द्या. धनेश सर्वत्र येणार नाही, पण पिंगळा येईल, पोपट येईल, हुप्प्या येईल.

हे सगळे मी वहिनीला शिमग्याच्या सुमारास फोनवर सांगितले. भांडायचे नव्हते, म्हणून एवढेच म्हणाले की मोरीपाशी दोन ओळी ठोकळे उचलून बघ, पाणी मुरेल तरी. आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत रोज जे दिसेल ते लिही, मी तसेच करते: परीट कधी आला, पावशा कधी बोलला, लिंबावर पहिली अळी कधी दिसली. दुधाचा हिशोब आपण तिथे लिहितोच. ती हसली. चार दिवसांनी तिचाच फोन.

"दादांनी तीन ओळी काढल्या ठोकळ्यांच्या. शेजारणीकडून अळूचे कंद आणलेत."

"बरं झालं."

"आणि ऐका ना वन्सं, शेवग्याची ती वाळकी फांदी तोडायची होती, पण तिथं सकाळपासून कोण तरी टुक-टुक-टुक करतंय. थांबतच नाही. तुमच्या कसब्यातल्या तांबट आळीत हातोडी चालते ना, तसं. हिरवं आहे, कपाळ लाल. फांदीला भोक पाडतंय."

"तांबटच तो. नावही तेच."

"मग फांदी?"

"राहू दे. आज तारीख काय आहे ती बघ, आणि लिही."

"थांबा, पेन्सिल घेते," वहिनी म्हणाली.